वर पळणारी यादी

शिंदखेडा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात तोताराम वॉलमन सव्वीस वर्षं पाणी सोडतो आहे. गावाला सात दिवसांनी एकदा पाणी. कुठल्या गल्लीला कधी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे त्याच्या हातांना पाठ आहे. कागदावर कुठेच नाही. बोलणं कमी. राग मात्र भारी, आणि तो खोटं बोलणाऱ्यावरच येतो. सरपंचांच्या जावयाने नळातून चोरून पाणी ओढणारी टिल्लू मोटार लावलीच नाही म्हणून शपथ घेतली, तेव्हा तोतारामने ती मोटार पाईपासकट उपटून भर चौकात आणून ठेवली होती.

अशा माणसाला एक दिवस खोटारडं ठरवलं गेलं, तेही लेखी.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी पाणीयोजनेच्या कार्यालयाने ॲप आणलं. लोकांनी तक्रार टाकायची, तोतारामने ती मोबाईलवर उघडायची, काम करायचं, फोटो काढायचा आणि ‘झाले’ दाबायचं. सगळ्यांत नवी तक्रार वर, जुनी तळाला. यातही एक वेळ भागलं असतं. पण कुणीही नवी तक्रार टाकली की यादी आपोआप सरकन वर पळायची. तोताराम ओल्या, चिखलाने माखलेल्या अंगठ्याने शंभर नावं खाली उतरायचा, आणि कुठल्या तरी कॉलनीतून ‘दाब कमी’ अशी तक्रार पडली की पुन्हा पहिल्या नावावर. पाण्याच्या दिवशी तर मिनिटाला दोन तक्रारी. नाव शोधायची सोय नव्हती.

तळाशी हसीनाबी होती. गोधड्या शिवून पोट भरणारी, एकटी बाई. तीन पाळ्या झाल्या तरी तिच्या नळाला थेंब नव्हता.

“तोताराम भाऊ, मना नळले खोकला बी येत नही,” ती म्हणाली.

तोतारामने खोदून पाहिलं. मोठ्या पाईपातून घराच्या नळाला पाणी देणारा पितळी तुकडा, फेरूल, पार सडला होता. नवा बसवला की तासाभराचं काम. पण स्टोअरमधून फेरूल मिळायचा तो तक्रार ॲपमध्ये उघडून दाखवली तरच. हसीनाबीने नवी तक्रार टाकून पाहिली, तर ॲप म्हणालं, तुमची तक्रार आधीच नोंदलेली आहे.

त्या सकाळी तोताराम चेंबरच्या कडेला बसून तिचं नाव शोधत होता. चारदा यादी वर गेली. पाचव्यांदा नाव दिसलं, त्याने बोट टेकवलं, आणि नेमकी त्याच क्षणी यादी पळाली. बोटाखाली भलतंच नाव आलं, भलतंच बटण दाबलं गेलं. कॉलनीतल्या निवृत्त शिक्षिका सुनंदाबाई यांची तक्रार फोटोशिवायच ‘झाले’ म्हणून बंद झाली. त्यांच्या दारात कुणी फिरकलंही नव्हतं. त्या थेट कार्यालयात गेल्या. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोतारामच्या हातात मेमो पडला. ‘काम न करता खोटी नोंद केल्याबद्दल.’

तोतारामने तो वाचला. कानशिलं तापली. वाटेत हसीनाबीला हाक मारली, “चाल मनासंगे. हंडा बी ली ले.”

कार्यालयात तरुण अभियंता विक्रमसाहेब बसले होते. तोतारामने मोबाईल त्यांच्यासमोर आपटल्यासारखा ठेवला.

“हाई बाई शे. इनं नाव काढी दखाडा. तुमना हातथीन.”

“तोताराम, आवाज खाली.”

“नाव काढा, साहेब.”

साहेबांनी यादी सरकवायला सुरुवात केली. ते साठ नावं खाली उतरले, यादी वर. पुन्हा उतरले, पुन्हा वर. हसीनाबी रिकामा हंडा मांडीवर घेऊन बघत होती. चौथ्या खेपेला साहेबांच्या तोंडून शिवी निसटली. तोताराम हसला नाही. “मी हाई दोन वरीसथीन करी राह्यनू,” एवढंच म्हणाला.

साहेबांनी जळगावला, ॲप बनवणाऱ्या कंपनीत फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे शाझिया नावाची मुलगी होती. शांतपणे म्हणाली, “सर, ते मुद्दामच तसं केलंय. नवीन माहिती आली की यादी वर जाते, म्हणजे वापरणाऱ्याला ताजं आधी दिसतं.”

तोताराम टेबलावर वाकला. “ताजं कोनले पाहिजे, बेटा? माले शिळं पाहिजे! जो एकवीस दिवस तहानेल शे, तो खाले शे. आनि तू माले वर फेकस!”

मग तिने विचारलं, “काका, तुम्ही ॲप कुठे उभं राहून वापरता?”

“खड्डामा!” तोताराम ओरडला. “दोन वरीसनंतर इचारस का?”

तिने वाद घातला नाही. सगळं लिहून घेतलं.

साहेबांनी तिथल्या तिथे साध्या कागदावर चिठ्ठी लिहून फेरूल दिला. तोतारामने तो बसवला, आणि दुपारी खास हसीनाबीच्या गल्लीसाठी व्हॉल्व्ह उघडला गेला. तिच्या नळातून आधी गंज आला, मग हवा, मग पाणी.

आठ दिवसांनी ॲप बदललं. आता यादी आहे तिथेच थांबते. वर फक्त एक पट्टी येते, ‘सहा नवीन तक्रारी’. ती दाबली तरच वर जायचं. जुन्या तक्रारी लाल दिसतात.

पण मेमो तसाच होता. “सोड ना आता,” साहेब म्हणाले, “एक कागद आहे नुसता.”

“कागद तुमना शे. नाव मनं शे.”

तोताराम तीन सोमवार कार्यालयात जाऊन उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही. तिसऱ्या सोमवारी साहेबांनी वैतागून मेमोखाली लिहिलं, ‘चूक ॲपची होती. कर्मचाऱ्याचा दोष नाही.’ सही केली. तोतारामने ते दोनदा वाचलं आणि कागद परत पुढे सरकवला.

“शिक्का मारा.”

शिक्का बसला. त्याने कागद घडी करून खिशात घातला, आणि आभार न मानता व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघून गेला. राग अजून उतरलेला नव्हता, आणि तो उतरावा अशी त्याची इच्छाही नव्हती.