काकूचं नाव मी सांगितलं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

ग्वालियरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. महामारीत प्रशासनाने माझ्यावर एक काम सोपवलं. रुग्ण कुणाकुणाला भेटला ते शोधणारी दोन पथकं होती, एक शहराच्या लश्कर भागातलं, एक मुरार भागातलं. दोन्ही मिळून एकच केलं तर भागेल का? ते मी कॉम्प्युटरवर पडताळायचं होतं. मी पडद्यावर एक लुटुपुटूचं शहर उभं केलं. माणसं म्हणजे ठिपके. ठिपके हिंडत, भेटत, एखादा लाल होई; मग पथक त्याने सांगितलेल्या ठिपक्यांना गाठून घरात बसवी. पथकाला उशीर झाला, की लाली गल्लीगल्लीत पसरे. रोज हेच बघत होतो मी. मला कळत नव्हतं, असं नाही.

आणि तरी काकूच्या पंचाहत्तरीला गेलो. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं होतं. दर्पण कॉलनीतल्या तिच्या घरी दारं-खिडक्या लावून आम्ही जमलो — काकू, तिचा मुलगा अनिल, त्याची बायको, मी. कुणाच्या घरी जाऊ नका असं शहराला बजावणाऱ्या बैठकीतून मी थेट तिथे गेलो होतो. काकूने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

लगेचच मला ताप भरला. तपासणी झाली, महामारीचीच लागण निघाली. बायको इंदूरला माहेरी अडकलेली, थाटीपुरच्या क्वार्टरमध्ये मी एकटा. पथकातल्या बाईंचा फोन आला. कुणाकुणाला भेटलात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कुणालाच नाही.

"घर-परिवार में भी कोई नहीं, सर?"

"कोई नहीं."

त्यांनी आभार मानले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच पुढे खोदून विचारलं नाही. मी कशाला भ्यालो? बैठकीतल्या लोकांसमोर मान खाली जाईल, याला. बस, एवढ्यालाच.

खोलीत लॅपटॉप होता. मी एका ठिपक्याला गप्प केलं — लाल झाला तरी एकही नाव सांगायचं नाही — आणि शहर चालू केलं. परत केलं. परत. दर वेळी लाली त्याने लपवलेल्या घरातूनच पसरत गेली. फोन शेजारी पडला होता. मी उचलला नाही.

मग तोच वाजला. काकू होती. मला साधा ताप आहे, असंच मी घरच्यांना कळवलं होतं.

"तबियत कशी आहे रे तुझी?" तिने विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, तिलाही थोडी कणकण वाटतेय.

तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का?

"हवा बदललीये, काकू," मी म्हणालो. "काढा घे. आराम कर."

तिला दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. काकू गेली. दुखणं घरात आलं कुठून? दूधवाल्याकडून, असं अनिलने ठरवलं, आणि कॉलनीने दूधवाल्याला फाटकाबाहेर काढलं. तो हात जोडून सांगत होता, मला काही झालेलं नाही, माझी तपासणी करा. मी तिथेच होतो, बरा झालेला. मी खाली बघत राहिलो.

हे इथे संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण अहवालाची बैठक व्हायची होती.

आजारी माणूस भेटलेल्यांपैकी किती जणांची नावं सांगतो, हा आकडा मीच ठरवायचा होता. मी धरलं होतं — सगळ्यांची. तसं धरलं की एक पथक पुरत होतं. प्रशासनातल्या मोठ्या मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. लोक खरं सांगतील हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. आकडा कमी करा, म्हटलं असतं, तर तो कशावरून, हेही सांगावं लागलं असतं.

"यहाँ सब एक-दूसरे को जानते हैं, मैडम," मी म्हणालो. "कोई क्यों छुपाएगा?"

मॅडमनी मान हलवली, सही केली. दोन्ही पथकं मिळून एक झालं, निम्मी माणसं दुसऱ्या कामाला गेली. पुढची लाट आली ती सगळ्यांनीच पाहिली. किती घरांत पथक उशिरा पोचलं, ते मी मोजलेलं नाही. मला मोजता आलं असतं.