सात हालीचे सहा कलदार

“मुदत संपली,” खिडकीतला कारकून म्हणाला आणि त्यानं दहा-दहाच्या सात नोटा आमच्याकडे परत सरकवल्या. दादानं त्या पुन्हा आत ढकलल्या. कारकुनानं पुन्हा बाहेर. परतूरच्या खजिन्यासमोर त्या दिवशी रांग नव्हती. ज्यांना नोटा बदलायच्या होत्या त्यांनी केव्हाच बदलल्या होत्या. दादा एकोणीस वर्षांचा होता, मी दहा. “साहेब, हिच्या शाळंचे पैसे हायेत,” तो म्हणाला. कारकून काही वाईट माणूस नव्हता. “बाबा, आता हा नुसता कागद आहे,” एवढंच तो बोलला... माझं शिक्षण त्या खिडकीपाशी संपलं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दीड महिन्यापूर्वी वारला. सकाळी भाच्याचा फोन आला, “आत्या, आबा गेले.” मी विचारलं, “रात्री जेवला होता का?” जेवला होता म्हणे, दूध-भाकरी. नव्वदीला आलेल्या माणसाचं आणखी काय विचारणार? रडू आलं नाही. मंठ्याहून परतूरला जाईपर्यंत एसटीत मला ती खिडकीच दिसत होती.

आजच्या माणसांना हे सांगावं लागतं. आमच्या भागात निजामाचं राज्य होतं आणि त्याचा रुपया वेगळा होता. तो हाली. बाहेरच्या मुलखाचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. हा सरकारी भाव. सराफाकडे तो थोडा खाली-वर व्हायचा, कारण कापसाच्या हंगामात बाहेरच्या व्यापाऱ्यांना शेतकऱ्यांना द्यायला हाली लागे, आणि मागणी वाढली की हालीला चांगला भाव येई. राज्य गेल्यावर काही वर्षं दोन्ही रुपये चालले. मग हाली बंद होणार असं जाहीर झालं आणि बदलून घ्यायला मुदत मिळाली. दादा कापसाच्या बाजारात तोलाईचं काम करायचा, त्यामुळे हे भाव त्याला तोंडपाठ होते. तेच नडलं.

वडील जाताना माझ्यासाठी सत्तर हाली ठेवून गेले होते. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढं जालन्याला मावशीकडे राहून शिकायचं, असं ठरलेलं. माय रोज दादाच्या मागे लागायची, “अरे, जल्दी जाऊन बदलून आण.” दादा म्हणायचा, “माय, सत्तर देऊन साठ घेऊ? धा रुपये फुकट घालवू? आता एकच राज झालंय, मंग रुपया बी बराबर व्हईल. हंगाम येऊ दे.” हंगाम आला आणि गेला. हालीला भाव आला नाही. बंदच होणारा रुपया कोण कशाला जमवेल, हे चौथी शिकलेल्या मला कळत नव्हतं, पण त्याला कळायला हवं होतं. दहा रुपये वाचवायला गेला आणि सत्तर घालवून बसला.

पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं. दादा दर भाऊबीजेला यायचा. खोड मात्र गेली नाही. कशाचाही भाव ऐकला की तोंडातल्या तोंडात हालीत करायचा. “गोदे, साखर लई महागली. हालीत तर अजून सहावा हिस्सा जास्ती.” मी म्हणायचे, “तुझा हाली आता घेतं कोण?” मी ते मुद्दाम म्हणायचे. बरीच वर्षं म्हटलं.

मधे पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं दादा मंठ्याला हजर. वय ऐंशीच्या वर, गुडघे गेलेले. दारातूनच म्हणाला, “गोदे, किती हायेत? काढ सगळ्या.”

“आज बँक बंद आहे, दादा. आणि मुदत लई आहे.”

“मुदत मला नको सांगू.”

माझ्याजवळ पाचशेच्या तीनच नोटा होत्या. त्या तीन नोटांसाठी तो मुक्कामाला राहिला आणि सकाळी बँक उघडायच्या आधी रांगेत उभा राहिला. मी शेजारी पायरीवर बसले. मागचा एक जण हसला, “आजोबा, कलदार पुरून ठेवलं होतं का काय? एवढी घाई?” दादानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. दुपारी पैसे आणून माझ्या हातावर ठेवले, स्वतः दोनदा मोजलेले. “बराबर आहे का बघ.” मी मोजले. “बराबर आहे,” म्हटलं... चहा पिऊन तो गेला. चुकलं, असं तो तेव्हाही म्हणाला नाही, पुढंही नाही. मीही त्यानंतर हालीवरून त्याला बोलले नाही.

तेराव्यानंतर भाच्यानं एक फडकं आणून दिलं. “आबांच्या पेटीत होतं. वर तुमचं नाव आहे.” आत हालीच्या त्या सात नोटा होत्या, घड्यांवर विरलेल्या. त्यांच्याखाली दहा-दहाच्या सहा नोटा, आत्ता चालतात त्या. सातास सहा, सरकारी भावानं.

साठ रुपयांत आज दोन वह्याही धड येत नाहीत. फडकं माझ्या ट्रंकेत आहे. त्यातल्या साठ रुपयांपैकी एकही मी खर्च केलेला नाही, आणि त्यानं माझी फिटंफाट झाली असंही मी म्हणणार नाही. त्या खिडकीपाशी आम्ही दोघं उभे होतो, दादा आणि मी. त्यातली आता मी आहे.