तांबडा दिवा लागलेला असताना आलेला फोन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाचं निमित्त करून उठणारा माणूस. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली... तार आहे तर आवाज आहे, तार नाही तर नाही. तरीही हे लिहितोय.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. भंडारा जिल्ह्यात, पवनीकडच्या एका गावात आमचं छोटं एक्स्चेंज. मशीनमध्ये एकमेकांना जोडलेली दोन युनिटं होती. एक बिघडलं की दुसरं काम सांभाळायचं. पण दोन्हींनाही सावरता येणार नाही अशी चूक झाली, की मशीन स्वतःला बंद करून घ्यायचं. तांबडा दिवा लागायचा, गावातले सगळे फोन मुके व्हायचे. चालू राहायचा तो फक्त तपासणीचा फोन. त्यावरून आम्ही मशीनला हुकूम द्यायचो. बाहेरचा कॉल मात्र त्यावर येऊच शकत नसे.

धानकापणीचे दिवस होते. दुपारी बाराच्या सुमारास तांबडा दिवा लागला. आमचा लाइनमन तेजराम सकाळीच तुटलेली तार जोडायला आसगावच्या रस्त्याने गेला होता. मी एकटाच मशीनमधली सर्किटची कार्डं काढून पुसत होतो, आणि तो तपासणीचा फोन वाजला.

उचलला. तेजरामच होता.

"साहेब, मी बोडीच्या पाळीवर पडून राहिलो. कोनाले तरी धाडा."

"अरे, तू कुठून बोलून राहिला? लाइन तर बंद आहे!"

"मले उठता नाही येत, साहेब." बस्स. फोन शांत.

मी दिव्याकडे पाहिलं — तांबडाच. तरी बाहेर धावलो. समोर भाताची बैलगाडी होती, तिच्यातल्या दोघांना घेऊन बोडीवर, म्हणजे आसगावच्या रस्त्यावरच्या लहान तळ्याच्या बांधावर पोचलो. तेजराम खांबाखाली बेशुद्ध पडला होता. तार तुटलेलीच लोंबत होती. तारेला जोडून बोलायचा त्याचा हातफोन सायकलच्या पिशवीत, पिशवीचा पट्टाही लावलेला.

भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर गेला असता. मी फोनचं सांगितलं, तर म्हणाले, "जबडा दोन जागी मोडलाय. हा माणूस बोलणार कसा?"

नागपूरहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी दोन दिवस मशीन तपासलं. बिघाड सापडला, दुरुस्त झाला. त्या कॉलचं विचारलं तर म्हणाले, "या अवस्थेत घंटी वाजतच नाही. तुम्हाला भास झाला असेल." असेल. पण मग मी बोडीवर कसा पोचलो?

तेजराम वाचला. त्याला फक्त खांबावर चढल्याचं आठवत होतं. महिन्याभराने घरी भेटायला गेलो तेव्हा तो झोपला होता. त्याची बायको दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? त्या फोनवर... भेलेले होते का हो हे?"

"नाही वहिनी, घाबरला नव्हता," मी म्हणालो. "अगदी शांत बोलत होता."

तिने पदर डोळ्यांना लावला. मी तिथेच पायरीवर बसलो.