पोचवाले भाऊसाहेब

कोर्टाच्या जिन्याखालच्या खोलीत भाऊसाहेबांचं राज्य होतं. पळून आलेला आरोपी एकमेकांच्या ताब्यात द्यायचा की नाही, यावरचे निकाल दोन शेजारी देशांनी एकमेकांना कळवायचे, असा करार मोठ्या थाटात झाला. मंत्र्यांनी फोटो काढून घेतले आणि काम भाऊसाहेबांच्या गळ्यात पडलं.

भाऊसाहेबांनी ते पार सोपं करून टाकलं. पलीकडून पाकीट आलं की न उघडता कपाटात ढकलायचं आणि उलट टपाली पोच द्यायची, 'निकाल मिळाला, अभ्यास सुरू आहे.' खाली झोकदार सही.

"उघडलं की वाचावं लागतं, वाचलं की जबाबदारी येते," असं ते नव्या कारकुनांना शिकवत. एवढ्या ज्ञानावर गड्याला बढतीही मिळाली.

मग जावई अडकला. तो ट्रक चालवायचा, जोडीला पलीकडचा एक चालक. पेट्यांत चोरीचा माल निघाला. पलीकडच्यांनी जावयाला मागितलं, इकडच्यांनी त्या जोडीदाराला. जोडीदाराला द्यायला पलीकडच्या कोर्टाने साफ नकार दिला, कारण पेट्यांना कुलूप मालकाचं, त्यात चालकाचा काय दोष? जावई मात्र इकडे तुरुंगात सडत होता.

वकील म्हणाले, "तो निकाल हाती आला की त्याच न्यायाने तुमचा माणूस सुटलाच."

मुलगी धावत जिन्याखाली आली. "बाबा, हे निकाल तुमच्याकडेच येतात ना?"

भाऊसाहेबांनी कपाटाकडे पाहिलं. ते उघडलं असतं तर आयुष्यभराची बंद पाकिटं अंगावर कोसळली असती, आणि पेन्शन तोंडावर आलेली.

"यायला हवा होता गं," ते म्हणाले. "पण तिकडची माणसं भारी ढिली." जावयापेक्षा कपाट प्यारं! न्यायाधीशांनाही त्यांनी तेच ठोकून दिलं.

न्यायाधीश वैतागले आणि त्यांनी स्वतःच पलीकडे विचारणा केली. उत्तर यायला महिने लागले. तोवर मुलगी तुरुंगाच्या फाटकाशी डबा घेऊन उभी राहायची, आणि भाऊसाहेब जेवताना शेजारी देशाला शिव्या घालायचे.

शेवटी निकालाची प्रत आली. न्यायाधीशांनी ती वाचली आणि जावयाला तिथल्या तिथे सोडलं. प्रतीसोबत आणखी एक कागद होता. तो त्यांनी उंच धरला.

"निकाल मिळाल्याची पोच आहे ही, जुनी. सही कोणाची?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "तपासून कळवतो, साहेब."

नवऱ्याचा हात धरून निघालेली मुलगी दारातून मागे फिरली.

"बाबांचीच आहे, साहेब. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर हीच असायची. तेही त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही."