जाऊबाईंच्या कानात मी नव्हते

माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या पुण्याच्या मुलानं हेडफोन आणून दिले आणि त्या दिवसापासून माझ्या तोंडाची चव गेली.

साधे नव्हते ते. कानात खुपसायच्या त्या काळ्या बिया तर आता गुरं राखणाऱ्यांच्याही कानात असतात. हे डोक्यावरून घ्यायचे, दोन्ही बाजूंना मऊ गोल गाद्या, अख्खा कान आत मावेल एवढ्या. त्यातून एक वायर निघायची, ती काडेपेटीएवढ्या एका डबीत जायची आणि डबीतून दुसरी वायर फोनमध्ये. फोनच्या आत गाणं आकड्यांत लिहिलेलं असतं, त्या आकड्यांचा चांगला आवाज करायचं काम ही डबी करते, असं जाऊबाईंच्या मुलानं त्यांना सांगितलं आणि जाऊबाईंनी अख्ख्या पिंपळगाव रेणुकाईला.

आमचं अंगण एकच. दोन भावांची दोन घरं समोरासमोर, मधे लिंबाचं झाड. जाऊबाई दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून डोळे मिटून बसायच्या, आणि मी इकडे तूर निवडता निवडता तुरीपेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघायचे. शेवटी राहवलं नाही.

"काय ऐकून राह्यल्या बाई?"

"अं?" त्यांनी एक गादी उचलली. "आपलं भजन गं. ती जुनी कॅसेट. पोरानं पुण्यात एका स्टुडिओतून फोनमधी करून आणली. तुला सांगते धाकले, टाळ कोणत्या अंगाला वाजतो, पेटीचा भाता कवा ओढला, समदं बराबर दिसतं."

"दिसतं?"

"कानानं दिसतं."

ती कॅसेट आमच्या बायकांच्या भजनी मंडळाची. नवरात्रात दुपारी देवीच्या देवळात आम्ही पदं म्हणायचो. एका वर्षी कुणाचा तरी पाहुणा स्टिरिओ टेपरेकॉर्डर आणि माईक घेऊन आला होता, त्यानं ती भरली. जाऊबाई पुढे म्हणायच्या, आम्ही मागून धृपद धरायचो. पुढं मंडळ मोडलं, कॅसेट जाऊबाईंच्या पेटीत जाऊन पडली, आणि माझ्या गाण्याचा या जगात दुसरा पुरावा नाही.

म्हणून मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अन् मी? मी येते का ऐकू?"

जाऊबाई वायरीचा पीळ सोडवू लागल्या. "न्हाई गं. तुझा आवाज कुठंच न्हाई त्यात. लय शोधला म्या."

कुठंच नाही! मानेच्या शिरा ताठ होईस्तोवर गायलेली बाई मी. माईकपासून दोन हात अंतरावर बसले होते. आणि त्यांची पेटी येते, पेटीचा भाता येतो, मी तेवढी येत नाही?

जाऊबाईंचं आणि माझं हे असं पहिल्यापासून आहे. म्हणजे माझं आहे, त्यांना पत्ता नसतो. लग्न होऊन मी तीर्थपुरीकडून या घरात आले तेव्हा रेडिओ जाऊबाईंच्या खोलीत होता. माझ्या खोलीत भिंत होती. मी त्या भिंतीला कान लावून उभी राहायची. एकदा कुठूनसं कळलं की भिंतीला पेला लावला की चांगलं ऐकू येतं, तर पितळी पेला घेऊन उभी राहिले. हातातून निसटून तो पडला, घरभर गडगडत गेला, सासूबाई धावत आल्या. माझ्या कानाला भिंतीची पांढरी माती. त्या म्हणाल्या, "कानाला काय लावलंस गं?" मी म्हणाले, "पावडर." अशी हुशार सून. जाऊबाईंना "रेडिओ ऐकायला येऊ का" एवढं विचारलं असतं तर त्यांनी चटईसुद्धा टाकली असती. पण विचारायचं कसं? विचारलं की त्या मोठ्या झाल्या!

आता मात्र मी पेला लावत बसले नाही. मुलाला फोन केला. म्हटलं, मला तसलेच पाहिजेत. तसलेच म्हणजे बिलकुल तसलेच, त्याच कंपनीचे, डबीसकट. माझी नात जालन्याला कॉलेजात शिकते, ती सुट्टीला येताना खोकं घेऊन आली. मी खोक्यावरचं चित्र आधी जाऊबाईंच्या हेडफोनांशी लांबूनच ताडून पाहिलं, मगच फोडलं.

पहिल्यांदा घातले तेव्हा काय ऐकू आलं, तर डालड्याच्या रिकाम्या डब्यात कोंडलेल्या पाच-सहा बाया, आणि तिसऱ्या कडव्याला कुकरची शिट्टी.

"आजी, हे गाणं तुझ्या फोनमधी आलं कुठून?" नातीनं विचारलं.

माझ्या सूनबाईंनी आणून दिलं होतं. म्हणजे काय केलं होतं, तर जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांचा फोन वाजत ठेवला, त्याच्यासमोर स्वतःचा फोन धरला, भरून घेतलं आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. शिट्टी जाऊबाईंच्या डाळीची होती.

नात कपाळाला हात लावून बसली. "अगं, हेडफोन कितीबी भारी घेतले तरी गाण्यातच जे उरलं न्हाई ते कुठून आणणार ते? मोठ्या आजीकडची असल फाईल आण. वायर लावून मी उतरवून घेते. व्हॉट्सॲपवर मागू नको."

आण म्हणणं सोपं आहे. मी दोन दिवस नुसती अंगण झाडत त्यांच्या ओट्यापर्यंत जाऊन परत येत होते. शेवटी गेले.

"बाई, ती फाईल पाहिजेल होती."

"कोणती फाईल?"

"भजनाची. असल."

"अगं, ती लय मोठी हाय. तुझ्या फोनात मावायची न्हाई."

"मावंल. पोरगी म्हणाली."

"कशाला गं एवढा खटाटोप? हाय ते ऐक की. जुनं रेकॉर्डिंग, नुसती खरखर हाय त्यात."

"त्या दिवशी तर तुम्हाला कानानं दिसत होतं!"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, फोन दिला, आणि त्या आत निघून गेल्या. पाहिलं का, मी मनात म्हटलं, एवढंसं आकड्यांचं गाणं, ते दिलं तर ह्यांच्याकडचं कमी होतं का? तेसुद्धा सोडवत नाही.

फाईल आली. शिट्टी गेली. पण बायका डब्यातून बाहेर काढल्या तर आता देवळाचं दार लावून गाऊन राह्यल्यासारख्या वाटत होत्या. मी बाहेर चपलांपाशी. नात आंघोळीला गेली तेवढ्यात मी फोनमधल्या सेटिंगा उघडल्या. तिथं उभ्या रेघांवर ठिपके होते, वरखाली सरकणारे. आवाज वाढवायचा तर सगळे वर नेले पाहिजेत, हे काही शाळेत शिकावं लागत नाही. नेले. ढोलकी अशी वाजू लागली की आतून कुणीतरी लाथा मारून राह्यलंय, आणि जाऊबाईंचा आवाज ऐन तारुण्यात घोगरा झाला. तेवढं एक मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नातीनं केस पुसत पुसत सगळे ठिपके परत एका रेघेत आणून ठेवले. "आधी जसं भरलंय तसं ऐक. मंग चव बदल. आणि आवाज एवढा मोठा नको, कानाचे पडदे जातील."

"पण जाऊबाईंना जे येतं ते मला का येईना?"

तिनं हेडफोन स्वतःच्या कानांवर घेतले, घटकाभर ऐकलं आणि म्हणाली, "आजी, मला तर एकदम साफ येऊन राह्यलंय."

हेडफोन तेच, डबी तीच, फाईल तीच, पोरीला साफ येतं. मग राहिलं काय? माझे कान. जाऊबाई माझ्याहून मोठ्या, तरी त्यांचे कान शाबूत आणि माझे गेले! म्हातारपणसुद्धा आधी माझ्याकडे आलं, रांगेत उभं न राहता. मी पुन्हा हेडफोन घेतले आणि घालायला लागले, तशी नात ओरडली.

"थांब! तू हे पदरावरून घालते?"

"मंग? भाया बसलेत म्होरं."

माझे थोरले भाया, म्हणजे जाऊबाईंचे मालक, लिंबाखाली पेपर वाचत होते. या घरात आले त्या दिवसापासून त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर ढळलेला नाही. हेडफोन चढवायचे तर पदरावरूनच चढणार, त्यात विचार करण्यासारखं मला काही दिसलंच नव्हतं. जाऊबाईंचं तसं नाही. त्यांना नवऱ्यापुढे पदर नाही, आणि आमचे हे पडले धाकटे दीर, त्यांच्यापुढेही नाही. आता या अंगणात पदर घेणारी मी एकटीच उरलेय. म्हणजे जाऊबाईंना चांगलं ऐकू येत होतं ते थोरल्या म्हणून! हे तर मला कधी सुचलंच नव्हतं जळायला.

नातीनं माझं डोकं तपासायला घेतलं. "हे बघ, ही गादी कानाभवती घट्ट बसायला पाहिजे. मधी सुती पदर, त्याच्या खाली कुड्या, मागं अंबाडा, मंग फट राहते. ढोलकीचा खालचा घुमारा त्या फटीतून निघून जातो अन् वरचं कापडात अडकतं. कुड्या काढ. अंबाडा खाली घे."

"अन् पदर?"

"पदर वरून घे की. आधी हेडफोन, मंग पदर."

आत जाऊन तसं केलं. बाहेर आले तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या उपड्या घालून वर फडकं बांधल्यासारखी दिसत असणार. भाया माझ्याशी थेट कधी बोलत नाहीत, आजही बोलले नाहीत. पेपर खाली न घेता नातीला म्हणाले, "तुझ्या आजीला शिंगं कवा फुटली गं?"

मला ते अर्धवटच ऐकू आलं, कारण गाणं सुरू झालं होतं.

देवळाचं दार उघडलं. डाव्या अंगाला टाळ, मागे कुठंतरी ढोलकी, एकीच्या बांगड्या. पेटीचा भाता ओढताना लाकूड करकरतं तेसुद्धा. मधोमध जाऊबाई. ओळ सुरू करण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास इतका जवळ आला की मी मागे वळून पाहिलं. आवाज असा की वाटलं हेडफोन काढून विहिरीत टाकावेत.

आणि मग उजव्या बाजूनं मी आले.

जाऊबाई ओळीच्या शेवटाला एक छोटीशी तान घ्यायला निघाल्या होत्या. ती सुरू व्हायच्या आतच या बयेनं धृपद धरलं. बाकीच्या बाया अजून श्वास घेतायत, ढोलकी सम शोधतेय, आणि ही एकटी पुढे, एवढ्या वरच्या पट्टीत, जणू भोकरदनची बस सुटून राह्यलीय आणि नवरा आत राहिलाय. पहिल्या कडव्याला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला तर आणखी उत्साहानं. किती खात्री होती त्या पोरीला! मानेच्या शिरा दिसत नव्हत्या, पण ऐकू येत होत्या.

मी हसायला लागले. नात "काय झालं, काय झालं" करत होती. मी तिला हातानं गप्प केलं, कारण मला दुसरंच काहीतरी ऐकू येऊ लागलं होतं. दुसऱ्या कडव्यापासून जाऊबाई तान घ्यायला जातच नव्हत्या. मी घुसायच्या बेतात आहे हे ओळखून त्या ओळ आधीच आटपत होत्या आणि माझ्या बरोबरीनं धृपद उचलत होत्या, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, बसवलंच आहे असं. माझ्यापायी अख्ख्या भजनात त्यांची एकही तान धड झाली नव्हती.

हे सगळं त्यांनी किती दुपारी, डोळे मिटून, त्या खुर्चीत बसून ऐकलं असेल? आणि मला काय सांगितलं, तर तुझा आवाज कुठंच नाही.

वर पाहिलं तर जाऊबाई समोर उभ्या होत्या. मी एक गादी उचलली.

"सापडली का?" त्यांनी विचारलं. हात पदराला पुसत होत्या, हात कोरडेच होते.

"न्हाई बाई. कुठंच न्हाई मी."

"म्या म्हणलं नव्हतं? माईकच तिकडल्या अंगाला होता."

"माईकच मेला तसला."

जाऊबाई माझ्या शेजारी टेकल्या. "आण बरं. तुझ्यात कसं येतं बघू."

मी हेडफोन काढून दिले आणि गाणं पहिल्यापासून लावलं. लावलं ते मुद्दाम. त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले. आता पेटी, आता श्वास, आता ओळ संपली, आता मी घुसले. एवढी बोंब कानात पडल्यावर भुवई तरी हलेल, ओठ तरी दाबतील, काहीतरी होईल. एवढं सापडलं असतं तरी मला पुरलं असतं. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी साऱ्या आळीला बोलावून ऐकवलं असतं.

त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलवली, चांगल्या गाण्याला डोलवतात तशी.

"तुझ्यात जरा जास्तच साफ येतं गं धाकले," त्या म्हणाल्या.

इतकी जळले मी, की काही विचारू नका.