पंचांसमक्ष ट्रंक

नाशिकरोडच्या कॉलनीत राहणाऱ्या जयराम मास्तरांच्या मिशीला अख्खी शाळा घाबरायची. ते कवायत शिकवत. पण घरी, दाराला कडी घालून, हेच मास्तर चौकटीत कापड ताणून रेशमाने पोपट भरत बसायचे. हे ठाऊक होते फक्त त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना. भरून झालेले कापड कुलपाच्या ट्रंकेत जायचे. पोरांना कळले, तर 'सावधान' म्हटल्यावर हसतील, ही मास्तरांची धास्ती.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सुमनबाईंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले. तिसऱ्या दिवशी आंबूस वास गल्लीभर सुटला आणि कुणीतरी पोलिसांना कळवले, मास्तर दारू गाळतात. फौजदार शिपायाला घेऊन दारात हजर!

सुमनबाईंनी पातेलेच पुढे केले. "हुंगा, साहेब. उद्या या, चीक खायला देते."

फौजदारांनी हुंगले, नाक मुरडले आणि ट्रंकेकडे बोट केले. "ही उघडा."

"खासगी आहे!" मास्तर गरजले. "पंच आणल्याशिवाय हात लावायचा नाही. कायदा आम्हालाही कळतो."

"बरोबर आहे, मास्तर," फौजदार गोड हसले. "शेजारचेच आणतो."

झाले! शेजारी म्हणजे गोटीराम आणि त्यांची लंकाबाई. या ट्रंकेत काय असेल, यावर वर्षानुवर्षे ज्यांची जेवणे गार झाली, ते जोडपे. गोटीराम तर टोपी घालून आले. नुसता फौजदार बघून गेला असता, तर निदान तो परत दिसला नसता!

कुलूप निघाले. पोपट, मोर, अर्धे राहिलेले बदक.

"हे कुणाचं?"

"माझं," सुमनबाई पटकन म्हणाल्या.

"काहीतरीच काय, वहिनी! सुईत दोरा ओवायला तर तुम्ही आमच्या हिला हाक मारता," गोटीराम म्हणाले. सगळ्यांच्या नजरा हळूहळू मिशीवर येऊन थांबल्या.

फौजदारांनी पंचनाम्यात लिहिले, 'आक्षेपार्ह काही नाही.'

"मला आक्षेप आहे! तो लिहा!"

"कुणाविरुद्ध?"

मास्तरांनी गोटीरामांकडे पाहिले. पण पंच स्वतः मास्तरांनीच मागितले होते.

संध्याकाळी लंकाबाई उशीचे अभ्रे घेऊन दारात. "भावजी, दोन मोर घालून द्या."

"वहिनी, आमच्या घराची झडती संपली!"

"मी कुठं आत येतेय?" म्हणत त्या आत आल्या, ट्रंकेवरच टेकल्या. "आणि काळजी करू नका हो. तुमच्या शाळेतल्या पोरांना मी अवाक्षर बोलले नाही. त्यांच्या आयांनाच सांगितलंय."