शेजारच्या सीटवरचा ब्रेक

तीस वर्षं त्या गाडी शिकवत आल्या. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि डोळ्यांत तेल घालून रस्ता बघायचा. सगळे त्यांना ब्रेकबाईच म्हणत.

अडुसष्टाव्या वर्षी त्या बँकेच्या पायऱ्यांवरून पडल्या आणि मनगट मोडलं. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. ब्रेकबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलीला डॉक्टर म्हणाले की, या वयात हाड मोडण्याइतकं पडणं हा नुसता पायांचा दोष असेलच असं नाही. एकदा स्मरणशक्तीही तपासून घ्या. ब्रेकबाई उखडल्या.

"मी हातावर पडले, डोक्यावर नाही."

त्या पुन्हा शिकवायला निघाल्या, त्या पहिल्याच दिवशी मुलगी गाडीत मागे येऊन बसली. एक गोष्ट ब्रेकबाईंनी कुणालाच सांगितली नव्हती.

गाडी चालवत होती एक पन्नाशीची नर्स. चौक आला. "डावीकडे घ्या," ब्रेकबाई म्हणाल्या आणि हात केला उजवीकडे. नर्स गोंधळली. गाडी धड इकडे ना तिकडे, तोच समोर एक सायकलवाला आला. ब्रेकबाईंनी पाय दाबला. गाडी थांबेना. पाय त्यांच्या बाजूच्या जादा क्लचवर होता.

"आई, ब्रेक!"

ब्रेक नर्सनंच दाबला. सायकलचं चाक वीतभर अंतरावर राहिलं. सायकलवाला दोन शब्द सुनावून निघून गेला. गाडी कडेला लागल्यावर नर्स पाणी आणते म्हणून उतरली. ती मुद्दामच उतरली असावी.

"पायरीवर मी मधेच थांबले होते," मागे न बघता ब्रेकबाई म्हणाल्या. "बँकेत कशाला आले तेच आठवेना. पाय तसाच अधांतरी राहिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती," मुलगी म्हणाली.

त्याच आठवड्यात तपासणी झाली. घड्याळाचं चित्र काढताना काटे कुठे दाखवावेत हे ब्रेकबाईंना सुचेना. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पडल्यामुळे हे झालं, की हे होऊ लागलं म्हणून आई पडली, असं मुलीनं विचारलं. ते छातीठोक सांगता येत नाही, ते म्हणाले. पण दोन्ही एकमेकांच्या हातात हात घालून येतात, तेव्हा तोलही सांभाळा आणि दर सहा महिन्यांनी दाखवत राहा.

किल्ल्या मुलीकडे गेल्या. दोन दिवस ब्रेकबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या फळ्यापुढे उभं राहून त्या वाहतुकीचे नियम शिकवू लागल्या. पहिल्याच तासाला एका खुणेचा अर्थ जिभेवर येऊन अडला. वर्ग वाट बघत राहिला. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"मला आठवत नाहीये," ब्रेकबाई म्हणाल्या. "पुस्तकात बघून सांगते."

त्यांनी चष्मा लावला आणि पान शोधायला घेतलं.